दार लागलं... आणि किल्ली आत!

दोस्तांनो, 'खट्ट' असा एक आवाज तुम्ही कधी ऐकलाय का? वाऱ्याने दार धाडकन आपटतं आणि त्याच्या पाठोपाठ लॅच बसल्याचा जो छोटासा आवाज येतो ना, तो! त्या क्षणी दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. खिसा रिकामा. किल्ली आत टेबलावर, मोबाईल आत चार्जिंगला, चपलासुद्धा आत. आणि आपण बाहेर, हातात कचऱ्याची बादली घेऊन!

हसू येतं ना? येणारच. पण मला हा आवाज आला की अजूनही पोटात गोळा येतो. का, ते सांगतो.

१९९३ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा पुण्यात कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. मी सहावीत होतो आणि माझी शाळा दुपारची. धाकटा भाऊ जेमतेम दोन वर्षांचा. पावसाळ्याचे दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास आईने गॅसवर दूध ठेवलं आणि तेवढ्यात जिन्यात भाजीवालीची हाक आली. आई बाहेर गेली, तिच्या मागे पिशवी घेऊन मी. गॅलरीचं दार उघडं होतं. तिथून वाऱ्याचा असा काही झोत आला की आमच्या पाठीमागे दार आपटलं. खट्ट!

आई आधी हसली. "घ्या! आता तुझे बाबा येईपर्यंत बसा जिन्यात," म्हणाली. बाबांकडे दुसरी किल्ली होती, पण बाबा पिंपरीच्या कारखान्यात. तिसरी किल्ली घरमालकांकडे. ते शनिवार पेठेत राहायचे. आणि मग आईचा चेहरा एकदम उतरला.

"अरे, दूध! आणि बाळ आत आहे!"

तिने घाबरून बेल दाबली. खरं तर दोन वर्षांचं पोर दार उघडणार थोडंच होतं! पण घाबरलेला माणूस बेलच दाबतो. आतून भावाचं रडणं ऐकू यायला लागलं. शेजारपाजारची माणसं जमली. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून वास यायला लागला. दूध उतू गेलं होतं आणि त्याने बर्नर विझला होता. आता गॅस नुसताच बाहेर येत होता.

वरच्या मजल्यावरचे आजोबा तोवर खाली आले होते. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? आईचा हात बेलवरून बाजूला केला. "बेल वाजवायची नाही. दिवा लावायचा नाही. कोणी काडी पेटवायची नाही," एवढंच म्हणाले. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. बेलच्या आत विजेची ठिणगी पडू शकते. गॅस कोंडलेल्या घरात तेवढी ठिणगी पुरते! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठत जातो. आणि लहान मुलं कुठे असतात? जमिनीवरच. त्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो बरं का. गळती झालेली कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो.

शेजारच्या फ्लॅटमधला एक कॉलेजात जाणारा दादा म्हणाला, "मी आमच्या गॅलरीतून तुमच्या गॅलरीत उडी मारतो. चार फुटांचं तर अंतर आहे!" तो निघालासुद्धा. आजोबांनी त्याचा शर्ट मागून धरला. "कठडा ओला आहे. एक पोर आत अडकलंय, दुसरं खाली पडायला नको." मग तो दादा म्हणाला, "मग पहार आणतो, दार फोडू."

आणि इथे, दोस्तांनो, एक विचित्र गोष्ट घडली. आई क्षणभर गप्प राहिली. नंतर कितीतरी वर्षांनी तिने मला सांगितलं, की त्या क्षणी तिच्या मनात आलं होतं, 'दार आपलं नाही, मालकांचं आहे. फोडलं तर डिपॉझिटमधून पैसे कापतील.' पोटचं पोर आत होतं आणि मनात डिपॉझिट! हे सांगताना तिला रडू आलं. मी म्हणतो, यात तिचं काय चुकलं? भाड्याच्या घरात राहणारी माणसं भिंतीला खिळा ठोकतानासुद्धा दहा वेळा विचार करतात. ती सवय अशा वेळीही सुटत नाही.

आजोबांनी मात्र विचार करायला वेळच दिला नाही. त्यांच्या घरी फोन होता. त्यांनी १०१ फिरवला, पत्ता, मजला आणि 'आत लहान मूल, गॅस सुटलाय' एवढं स्पष्ट सांगितलं आणि मला फाटकाशी पिटाळलं, बंबाला वाट दाखवायला. इकडे आई जिन्यात पालथी पडून दाराखालच्या फटीतून भावाशी बोलायला लागली. "सोन्या, गॅलरीत जा. चिऊ आलीय बघ गॅलरीत!" दोन-चार वेळा सांगितल्यावर तो रडत रडत गेला. कठडा त्याच्या डोक्याहून उंच होता. तिथे मोकळी हवा होती. माझ्या मते त्या दिवशी त्याला वाचवलं ते त्या न आलेल्या चिमणीने!

बंब आला. अग्निशामक दलाच्या जवानांनी शिडी लावली. एक जवान गॅलरीत उतरला, भावाला उचललं, आत जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आतून दार उघडलं. आईला विचाराल तर हे सगळं दोन तास चाललं होतं. आजोबांच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी घरमालक आले. आम्ही सगळे जरा धास्तावलोच होतो. त्यांनी आधी भावाला कडेवर घेतलं. मग आईला म्हणाले, "वहिनी, दार फोडायला हवं होतंत. दार काय, दुसरं बसवता येतं."

तर पहिली गोष्ट ही. आत लहान मूल, आजारी माणूस किंवा पेटता गॅस असेल, तर घर कुणाचं आहे हा प्रश्न त्या वेळी नसतोच. आधी मदत बोलवायची. १०१ हा अग्निशामक दलाचा नंबर. ११२ वर पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी फोन करता येतो. आणि गॅसगळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबर आहे. मालकांना नंतर कळवलं तरी चालतं.

पण बहुतेक वेळा असं काही नसतं. आत कोणी नसतं, गॅस बंद असतो, फक्त आपण बाहेर असतो. अशा वेळी घाई कशाची?

आता जरा कुलपाकडे वळू, कारण लॅच हा प्रकार आहे मोठा गमतीचा. साधं कुलूप आपण लावल्याशिवाय लागत नाही. लॅच मात्र स्वतःच लागतं. त्याच्या जिभेला एका बाजूने उतार असतो आणि मागे स्प्रिंग असते. दार चौकटीकडे येतं, उतार चौकटीवर घासतो, जीभ आत दबते आणि खाचेसमोर आली की स्प्रिंगमुळे टुणकन बाहेर येते. खट्ट! आतून मूठ फिरवली की दार उघडतं, बाहेरून मात्र किल्लीच लागते. बहुतेक लॅचना आतल्या बाजूला एक छोटं बटण किंवा खिट्टी असते. ती सरकवली की जीभ आत अडकून राहते आणि दार कितीही आपटलं तरी लागत नाही. कचरा ठेवायला, दुधाची पिशवी घ्यायला बाहेर पडताना आधी ती खिट्टी सरकवायची. जा, आत्ता उठून तुमच्या दाराला आहे का बघून या. मी थांबतो.

आणि किल्ली? तिच्या दातांची गंमत तर विचारूच नका. कुलपाच्या नळीत बारीक खिळ्यांची रांग असते. प्रत्येक खिळ्याचे दोन तुकडे, आणि किल्लीकडच्या तुकड्यांची उंची कमी-जास्त. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दातांवर सगळे खिळे बरोबर हवे तितकेच उचलले जातात, आणि नळी फिरते. एक जरी खिळा केसभर वर-खाली राहिला, तरी अडलंच! याच कल्पनेची लाकडी कुलपं काही हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये होती. अमेरिकेतल्या लायनस येल नावाच्या धाकट्या येलने १८६१ मध्ये त्याचं आजच्यासारखं छोटं, चपट्या किल्लीचं रूप पेटंट केलं. धाकट्या येलने म्हणायचं कारण, त्याच्या वडिलांचं नावही लायनस येलच होतं आणि तेही कुलपंच करायचे! आपल्याकडे मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप ठेवलेलं असायचं आणि 'हे किल्लीशिवाय उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा' असं आव्हान असायचं. कितीतरी वर्षं कुणालाच जमलं नाही. शेवटी १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या एका अमेरिकन कारागिराने ते उघडलं. किती वेळ लागला असेल? सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास! तेव्हा केसातला आकडा घालून दोन सेकंदांत कुलूप उघडणारा सिनेमातला नायक तुम्ही फारसा मनावर घेऊ नका. आकड्याने तुमच्या दाराचं फक्त एकच होईल: आकडा आत मोडेल, आणि मग खरी किल्लीही आत जाणार नाही.

तर काय करायचं? आधी सगळ्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते आठवायचं. आई-बाबांपैकी कोणाकडे, शेजारी, घरमालकांकडे. फोन करायला शेजाऱ्यांचा मोबाईल मागायचा. पण इथे खरी पंचाईत होते. पूर्वी आम्हाला दहा-बारा नंबर तोंडपाठ असायचे. आता सगळे नंबर मोबाईलमध्ये, आणि मोबाईल आत! तुम्हाला आईचा नंबर पाठ आहे? बाबांचा? घरमालकांचा तरी घरात कुणाला पाठ आहे का? दप्तरातल्या वहीच्या शेवटच्या पानावर हे तीन नंबर लिहून ठेवा. शाळेतून आलात आणि घराला कुलूप असेल, तर जिन्यात एकटं बसून राहू नका. ठरलेल्या शेजाऱ्यांकडे जा, आणि तिथे आहोत असं घरी कळवा.

कुठलीच किल्ली हाती येत नसेल तर चावीवाल्याला बोलवायचं. (पुण्यात आम्ही 'किल्ली' म्हणतो, पण तो मात्र चावीवाला! असं का, ते मला अजून उमगलेलं नाही.) फुटपाथवर भलीमोठी पत्र्याची किल्ली टांगून बसलेले हे कारागीर म्हणजे हातांचे जादूगार. कोरी किल्ली कुलपात घालून, हलवून, तिच्यावर उमटलेल्या बारीकशा खुणा बघत कानशीने घासत घासत ते नवी किल्ली तयार करतात. पण घर भाड्याचं असेल तर त्याला बोलवण्याआधी मालकांना फोन करायचा. एक तर त्यांच्याकडे किल्ली असेल तर खर्चच वाचतो. दुसरं म्हणजे, कुलूप तोडावं लागलं तर ते कुणी भरायचं हे आधी बोललेलं बरं. आपल्या विसरभोळेपणामुळे तोडलं, तर खर्च आपला. लॅच जुनं झालं होतं, महिनाभर अडकत होतं आणि आपण मालकांना तसं कळवलंही होतं, तर तो खर्च त्यांनी करणं रास्त. म्हणून कुलूप कुरकुरायला लागलं की लगेच कळवायचं, आणि तोंडी नको, मेसेज पाठवून. चावीवाला तुमच्याकडे ओळखपत्र मागेल, वॉचमनला विचारेल. त्याचा राग मानू नका. जो काहीच न विचारता कुणाचंही दार उघडतो, त्याच्यापासून सावध राहायला हवं!

किल्ली आत राहिली असेल तर एवढ्यावर भागतं. पण ती रस्त्यात हरवली असेल, तर? मग कुलूप बदललेलं बरं, निदान त्याची नळी तरी. मालकांना सांगून बदलायचं, नवी एक किल्ली त्यांना द्यायची की नाही ते ठरवायचं, आणि जुनी नळी पिशवीत घालून माळ्यावर टाकून ठेवायची. घर सोडताना ती जशीच्या तशी परत बसवता येते.

आता दुसऱ्या प्रकारची गोष्ट. ती सांगावी की नाही, असा मी बराच विचार केला. पण तुमच्यापैकी काहींच्या घरी ती घडली असेल, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीची एक मैत्रीण दहावीत होती. त्यांचं घर भाड्याचं. वडिलांचं काम सुटल्यामुळे दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. घरातली सगळी लग्नासाठी दोन दिवस गावी गेली. परत आली, तर दाराला आपल्या कुलपावर आणखी एक कुलूप! ते मालकाने लावलेलं. आत कपडे, भांडी, गॅस, आजीची औषधं आणि तिची सगळी वह्या-पुस्तकं. पूर्वपरीक्षा चार दिवसांवर आली होती.

वडील हातोडा आणायला निघाले होते. आई म्हणाली, "नको. आपण कुलूप तोडलं की भांडणात चूक आपली ठरेल." तिने भाडेकराराची प्रत मागवून घेतली (ती नशिबाने मावशीकडे ठेवलेली होती) आणि सगळ्यांना घेऊन थेट पोलीस चौकी गाठली. जाण्याआधी त्या मुलीने दाराचा आणि दोन्ही कुलपांचा फोटो काढला. चौकीतल्या साहेबांनी करार पाहिला, मालकाला फोन लावला. त्याच रात्री कुलूप निघालं. मग थकलेल्या भाड्याचे हप्ते आणि घर सोडण्याची तारीख कागदावर लिहिली गेली. दोन महिन्यांनी त्यांनी घर सोडलं, पण तोवर परीक्षा झाली होती.

सगळ्यांचं इतक्या लवकर निभावत नाही. 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा' असं म्हणून चौकीतून परतही पाठवतात. म्हणून हे मोठ्या माणसांना मुद्दाम वाचून दाखवा. भाडं थकलं असलं किंवा कराराची मुदत संपली असली, तरी मालकाला स्वतःच्या हाताने भाडेकरूला बाहेर काढून कुलूप लावता येत नाही. त्याने कायद्याच्या मार्गानेच जायला हवं. १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, अशा रीतीने बाहेर काढलेल्या माणसाला ताबा परत मागण्यासाठी कोर्टात जाता येतं; मात्र सहा महिन्यांच्या आत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूचं पाणी किंवा वीज विनाकारण तोडायलाही बंदी आहे. वकिलाचे पैसे कुठून आणायचे? प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथे स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यांचा फोन १५१००.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. कित्येकांचं घर त्या भाड्यावरच चालतं, आणि मुदत संपल्यावरही न हलणारे भाडेकरू असतात. त्यांच्यासाठीही याच १९९९ च्या कायद्यात सोय आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. फक्त त्यासाठी अर्ज करायचा, कुलूप घेऊन यायचं नाही.

यात सगळ्यात कामाला येतो तो करार. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांचा असला तरीही! 'आपल्यात कशाला कागद' असं म्हणणारे मालक भेटतात आणि भाडेकरूही. कागद नसला तर चौकीत दाखवणार काय? त्याची एक प्रत घराबाहेर ठेवायची. आजोळी, काकांकडे, किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून आई-बाबा दोघांकडेही. कारण घराला कुलूप लागेल तेव्हा करार कुठे असेल? कपाटात. आणि कपाट आत!

आमच्या कोथरूडच्या घराचं सांगायचं राहिलं. त्या प्रसंगानंतर बाबांनी मालकांना विचारून चौथी किल्ली करून घेतली आणि वरच्या आजोबांकडे ठेवली. आईला त्यानंतर कधी तिची गरज पडली नाही. मला मात्र पाच वेळा पडली. १९९७ मध्ये आम्ही ते घर सोडलं. सामान टेम्पोत चढलं होतं. मालक डिपॉझिटचे पैसे घेऊन आले होते, आणि बाबांनी त्यांच्यापुढे किल्ल्या मोजून ठेवल्या. आईची, बाबांची. मालकांची त्यांच्याच खिशात होती. "आणि चौथी?" त्यांनी विचारलं. मी धावत वर गेलो. आजोबांच्या घरात दाराशेजारी कॅलेंडर होतं, आणि त्याच्या खिळ्याला लाल दोऱ्यात बांधलेली आमची किल्ली लटकत होती. आजोबांनी ती काढून माझ्या हातात दिली, आणि तो लाल दोरा मात्र सोडवून स्वतःकडे ठेवला.